‘क्राउड बदलेल’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना : प्लेन्सबरो–वेस्ट विंडसरच्या मराठी घरमालकांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर आणि रूट वन महामार्गाच्या दोन्ही अंगांच्या गावांत ज्यांचं स्वतःचं घर आहे, अशा मराठी मंडळींना हे पत्र लिहिते आहे. गणपतीत आपण एकाच रांगेत प्रसादाला उभे असतो, आपली मुलं एकाच बसने शाळेत जातात. त्यामुळे आडपडदा न ठेवता लिहिते.

परवडणाऱ्या घरांचे नवे आराखडे टाउनशिपांनी, म्हणजे आपल्या गावांच्या स्थानिक सरकारांनी, मांडल्यापासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय चाललंय ते तुम्ही वाचताय, मीही वाचतेय. ‘क्राउड बदलेल.’ ‘शाळांचं रँकिंग गेलंच म्हणून समजा.’ ‘एवढे पैसे मोजून मग आपण इथे आलो कशाला?’ एकाने जवळच्या ट्रेंटन शहरातल्या मारामारीचा व्हिडिओ टाकून खाली ‘कमिंग सून’ लिहिलं, आणि त्यावर पटापट अंगठे आले. अंगठा देणारे बहुतेक जण माझ्या ओळखीचे आहेत, रात्री-अपरात्री अडचणीला धावून येणारे आहेत. त्यांच्याशी भांडायचं नाही, पण गप्पही बसवत नाही. ही घरं अडवण्यासाठी जी निवेदनं फिरतायत त्यांवर कृपा करून सही करू नका. सुनावणीला जाऊन ‘आमच्या गावात नको’ म्हणू नका.

ज्या क्राउडची आपल्याला काळजी वाटते, तो इथे जमला कसा, हे आधी पाहू या.

प्लेन्सबरो हे गाव मुळात गाईगुरांचं. १९१९ मध्ये क्रॅनबरी आणि साउथ ब्रन्सविक यांच्यातून जमीन काढून ही टाउनशिप झाली. वॉकर-गॉर्डन डेअरी हा इथला मोठा उद्योग. १९३० मध्ये या डेअरीने ‘रोटोलॅक्टर’ नावाचं एक फिरतं व्यासपीठ उभारलं. एका वेळी पन्नास गाई त्यावर चढायच्या आणि एक फेरी पुरी होईतो त्यांचं दूध काढून व्हायचं. बोर्डन कंपनीच्या जाहिरातींमुळे अमेरिकेत घराघरांत पोचलेली एल्सी गाय याच गोठ्यातली. १९७१ मध्ये डेअरी बंद पडली. १९७० च्या जनगणनेत या गावात १,६४८ माणसं होती. १९८० मध्ये ५,६०५, १९९० मध्ये १४,२१३ आणि २०२० मध्ये २४,०८४. आज त्यांतले निम्म्याहून अधिक आशियाई वंशाचे आहेत आणि आशियाईंमध्ये सर्वांत मोठा गट आपला, भारतीयांचा. पन्नास वर्षांत एका खेड्याचा चेहरा इतका पालटावा, हे अमेरिकेतही रोज घडत नाही.

हे घडलं त्याचं एक मोठं कारण अगदी साधं आहे. या गावाने अपार्टमेंट बांधू दिली. शेजारपाजारची गावं मोठमोठ्या प्लॉटांवर बंगलेच हवेत म्हणून नियम करत होती, त्या काळात प्लेन्सबरोत फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, रेवन्स क्रेस्ट अशी एकामागून एक संकुलं उभी राहिली. भाड्याची, एक-दोन बेडरूमची, हजारो घरं. १९९० च्या कायद्याने कुशल नोकरदारांसाठी एच-वन-बी व्हिसा आणला, पुढे वायटूकेच्या संगणक-कामांची लाट आली. पुण्या-मुंबईतून निघालेली सॉफ्टवेअरवाली मुलं नेवार्कला उतरून थेट इथे येऊ लागली ती या भाड्याच्या घरांमुळे. बंगला कुणाला झेपणार होता?

आठवतंय ना सगळं? दोन सुटकेस, त्यांत कुकर आणि गोडा मसाला. क्रेडिट हिस्टरी शून्य. जमिनीवर गादी. कपडे धुवायला क्वार्टरची नाणी जमवायची आणि दर शुक्रवारी कुणाच्या तरी कोरोलात कोंबून भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडला किराणा आणायला जायचं. फोडणीचा वास जिन्यात गेला की खालच्या मजल्यावरचा माणूस दार आपटायचा. पण घर मिळालं. भाडं झेपत होतं. आणि त्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर आपल्या मुलांना त्याच शाळा मिळाल्या, ज्या बंगलेवाल्यांच्या मुलांना मिळत होत्या. वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो शाळांच्या जोरावर आज आपली मुलं कुठल्या कुठे पोचली आहेत.

‘भाडेकरू आले की गावाची कळा जाते’ हे वाक्य तेव्हाही अमेरिकेतल्या उपनगरांत बोललं जात होतंच. ते इथे चाललं असतं, तर आज ज्याला आपण ‘आपला क्राउड’ म्हणतो तो जमलाच नसता.

आता परवडणाऱ्या घरांच्या कायद्याकडे येते. ग्रुपवर त्याबद्दल जे फिरतंय त्यात खूपसं अर्धवट आहे. हा कायदा काल-परवा कुणा एका पक्षाने आणलेला नाही. त्याची मुळं इथून तासाभराच्या अंतरावरच्या माउंट लॉरेल गावात आहेत. तिथे स्प्रिंगव्हिल नावाच्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती. घरं मोडकळीला आलेली. १९७० च्या सुमारास त्यांनी ३६ साध्या अपार्टमेंटांची परवानगी मागितली. गावाने नाकारली. तिथले महापौर कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेले आणि भर रविवारी त्यांनाच सांगून आले, की या गावात राहणं परवडत नसेल तर गाव सोडावं लागेल. समोर बसलेल्यांत एथेल लॉरेन्स होत्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या त्या गावात नांदलेलं. त्या कोर्टात गेल्या.

१९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : नियोजनाच्या नियमांची तटबंदी उभारून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही, वाढणाऱ्या प्रत्येक गावाने आपल्या विभागातल्या गरजेचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. त्या खटल्यात पुढे आलेला एक तपशील मला फार बोलका वाटतो. माउंट लॉरेलने बिल्डरांवर अशी अट घातली होती, की एक बेडरूमच्या घरात शाळकरी मूल नको, दोन बेडरूमच्या घरात दोनांहून जास्त नकोत, आणि संकुलात दर घरामागे सरासरी ०.३ हून अधिक मुलं शाळेत आली तर त्यांचा खर्च बिल्डरने द्यायचा. म्हणजे तिथे घर हवं असेल तर आधी तुमच्या पोराबाळांचा हिशोब द्या. ‘शाळांवर भार पडेल’ या वाक्याला असा इतिहास आहे. ते वापरण्याआधी तो माहीत असावा.

निकाल लागला तरी गावं हलली नाहीत. १९८३ मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट विलेंट्झ यांच्या न्यायालयाला पुन्हा, आणि कितीतरी कडक शब्दांत, तेच सांगावं लागलं. १९८५ मध्ये राज्याचा कायदा झाला. त्यात एक पळवाट ठेवली होती. श्रीमंत उपनगराने आपल्या वाट्याची निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन ट्रेंटनसारख्या शहराच्या गळ्यात मारायची. पैसे घ्या, माणसं तुमच्याकडेच ठेवा. ही पळवाट २००८ पर्यंत उघडी होती. आपण आज ट्रेंटनकडे बोट दाखवून नाक मुरडतो, तेव्हा ट्रेंटनला ट्रेंटन करण्यात उपनगरांचा हा व्यवहारही होता, एवढं तरी ध्यानात ठेवावं. आपल्यापासून पंधरा मैलांच्या आत ते शहर आहे. तिथली बहुतांश वस्ती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, तर आपल्या प्लेन्सबरोत यांपैकी प्रत्येक समाजाचं प्रमाण दहांत एक इतकंही नाही. आपण आपल्या गावाला ‘डायव्हर्स’ म्हणतो, शाळेच्या इंटरनॅशनल नाइटला साडी नेसून लेझीम खेळतो. त्यात आनंद आहेच, पण या आकड्यांकडेही एकदा नीट बघा.

याच ट्रेंटनमध्ये ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लीन विल्यम्स या दोन कृष्णवर्णीय आयांनी, आपल्या मुलांना घराजवळच्या शाळेत घेत नाहीत म्हणून शाळा मंडळावर दावा लावला आणि १९४४ साली तो जिंकला. १९४७ च्या राज्यघटनेत न्यू जर्सीने शाळांमधला वर्णभेद निषिद्ध केला, तोही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाच्या सात वर्षं आधी. कायद्याने इतकं केलं. तरीही २०१८ मध्ये लॅटिनो आणि कृष्णवर्णीय संघटनांना राज्याविरुद्ध पुन्हा कोर्टात जावं लागलं, कारण शाळा घराच्या पत्त्यावर ठरते आणि पत्ता उत्पन्नावर. न्यायाधीशांनी २०२३ मध्ये काही शाळांमध्ये वांशिक विलगता तीव्र असल्याचं मान्य केलं, मात्र सबंध राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य आहे असं ठरवलं नाही. म्हणजे प्रश्न फिरून घरांपाशीच येतो.

मार्च २०२४ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी ज्या कायद्यावर सही केली तो या सगळ्याचा पुढचा टप्पा. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांसाठी कुठल्या गावाचा वाटा किती, हे मोजण्याची पद्धत त्याने पक्की केली. राज्यभर मिळून ८४ हजारांहून अधिक नव्या घरांची गरज काढली आहे. जून २०२५ अखेर गावांनी आराखडे द्यायचे होते. माँटव्हेल या गावाच्या पुढाकाराने काही गावं कायद्याविरुद्ध कोर्टातही गेली. आपल्याकडच्या सुनावण्या या सगळ्यातून आल्या आहेत. पुढे एकेक प्रकल्प मंजुरीला येईल तेव्हा पुन्हा सुनावण्या होतील.

ही घरं कुणासाठी? विभागातल्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या कुटुंबांसाठी. त्यांतला मोठा भाग त्या मध्यकाच्या निम्म्याहून कमी कमाईवाल्यांसाठी आणि थोडा अगदी तळाच्यांसाठी. आपल्या काउंट्यांमध्ये मध्यक उत्पन्नच इतकं चढं आहे, की नुकता नोकरीला लागलेला शिक्षक, शाळेच्या बसचा चालक, वर्गातली मदतनीस, लॅबमधला तंत्रज्ञ, किराणा दुकानातला कॅशियर हे सगळे यात बसू शकतात. २०१२ मध्ये प्रिन्स्टनचं हॉस्पिटल प्लेन्सबरोत आलं तेव्हा आपण सगळे खूश झालो होतो. ते चालवायला शेकडो माणसं लागतात आणि ती सगळी डॉक्टर नसतात.

माझे सासरे आजारी होते तेव्हा रात्रपाळीला एक कृष्णवर्णीय बाई असायच्या, पन्नाशीच्या. सासऱ्यांना इंग्रजी जेमतेम. त्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी मला विचारून एका कागदावर ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘कूस बदला’ हे शब्द रोमन लिपीत लिहून घेतले आणि तो कागद खिशात ठेवला. पहाटे सासऱ्यांना ‘पाणी?’ विचारताना त्यांचा ‘ण’ काही केल्या लागत नव्हता. सासरे दुखण्यातही हसले होते. पाळी संपली की त्या ट्रेंटनला जाणाऱ्या बसची वाट बघत थांब्यावर उभ्या. फेब्रुवारीतली पहाट, गुडघ्यापर्यंत बर्फ. मी एकदा गाडीतून सोडलं तेव्हा म्हणाल्या, इथे जवळ घर मिळालं असतं तर नातवाला शाळेत सोडून झोपायला गेले असते. आपल्या ग्रुपवर ‘तसले लोक’ म्हणतात तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसतो.

आणि आपल्यातले? त्यांचं कुणी नाव काढत नाही. नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलीला घेऊन एका खोलीत राहणारी, व्हिसामुळे वर्षानुवर्षं नोकरी करू न शकलेली मुलगी. सणासुदीला आपल्याला शंभर-शंभर पोळ्या लाटून देणाऱ्या, तळघरात भाड्याने राहणाऱ्या काकू. देवळातले गुरुजी. मोठ्या घराचा टॅक्स झेपत नाही म्हणून पेन्सिल्व्हेनियात जायच्या बेतात असलेले निवृत्त काका-काकू. यांचं उत्पन्नही याच चौकटीत येऊ शकतं.

आता तुमच्या खऱ्याखुऱ्या हरकतींबद्दल. सगळ्याच हरकती द्वेषातून येतात असं मी मानत नाही. ट्रॅफिक वाढतं, वाढेल. रूट वनवर संध्याकाळी काय होतं ते मलाही भोगावं लागतं. २०२१ च्या आयडा वादळाच्या वेळी मध्य न्यू जर्सीत पाण्याने काय केलं ते विसरता येत नाही, तेव्हा सखल जागी बांधकाम नको ही मागणी रास्तच. शेजारच्या क्रॅनबरीत २०२५ मध्ये या घरांसाठी एका कुटुंबाचं पिढीजात शेत घ्यायचं ठरलं तेव्हा देशभर गदारोळ झाला. मलाही ते बघवलं नाही. जागा चुकू शकते, आराखडा चुकू शकतो. तो सुधारून घ्यायलाच सुनावणी असते.

पण एक हिशोब लक्षात घ्या. यातल्या बऱ्याच प्रकल्पांत साधारण पाचांतलं एकच घर परवडणारं असतं. उरलेली चार बाजारभावाने विकली किंवा भाड्याने दिली जातात. त्या चार घरांत कोण राहायला येतं? बहुतेक आपल्यासारखेच, दोन गाड्या आणि दोन मुलं असलेले. रस्त्यावर गाड्या वाढल्या, वर्गात बाकं कमी पडली, तर त्याला ही पाचही घरं कारणीभूत असतात. बोट मात्र पाचव्याकडे दाखवलं जातं. हे न्याय्य नाही.

घराची किंमत पडेल ही भीती तर सगळ्यांनाच असते, कारण आपली आयुष्यभराची कमाई त्या चार भिंतींत आहे. याचं उत्तर माउंट लॉरेलमध्येच मिळतं. ज्यांनी खटला लढवला त्या एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत त्यानंतर, २००० मध्ये उभी राहिली. म्हणजे निकालानंतर पंचवीस वर्षांनी. ती होऊ नये म्हणून गावाने आकाशपाताळ एक केलं होतं : गुन्हे वाढतील, किमती पडतील, टॅक्स चढतील. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीचा आणि आजूबाजूच्या परिसराचा कसून अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुन्हे, घरांच्या किमती, टॅक्स या तिन्हींवर वसाहतीचा वाईट परिणाम झाल्याचं त्यांना आढळलं नाही. तिथे राहायला गेलेल्या कुटुंबांच्या नोकऱ्या आणि मुलांचं शिक्षण मात्र सुधारलं. ज्यांना आकड्यांशिवाय काही पटत नाही अशांनी, आणि आपल्यात ते पुष्कळ आहेत, हा अभ्यास अवश्य वाचावा.

मला सर्वांत जास्त जे बोलायचं आहे ते आता बोलते. आपण भारतीय या देशाच्या वर्णव्यवस्थेत कुठे बसतो, हे इथल्या लोकांनाही कधी नीट ठरवता आलेलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंड नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच मिळे. आपण उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२३ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. त्यानंतर आधी मिळालेली भारतीयांची नागरिकत्वंही काढून घेतली गेली. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर माणसांपुरतं. जनगणनेत आपल्याला कधी ‘हिंदू’ नावाचा वंश म्हणून मोजलं, १९७० मध्ये गोऱ्यांत धरलं, १९८० पासून ‘एशियन इंडियन’ हा वेगळा चौकोन आला.

जातीचा आधार घेऊन गोऱ्यांच्या ओसरीवर बसण्याचा प्रयत्न फसला. मग आपल्याला आत घेतलं कुणी? १९६५ च्या कायद्याने. वंशावर आधारलेला जुना कोटा त्याने मोडला. तो मोडणं शक्य झालं, कारण त्याआधीची दहा वर्षं कृष्णवर्णीय माणसं बसमध्ये, हॉटेलांत, पुलांवर मार खात, तुरुंगात जात या देशाला लाज आणत होती. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायचा नाही, हा देशव्यापी कायदा एप्रिल १९६८ मध्ये झाला, मार्टिन लुथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात. त्याच्या दहा वर्षं आधी याच राज्यात लेव्हिटाउन या नव्या वसाहतीच्या बिल्डरने कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही असं उघड जाहीर केलं होतं. विली जेम्स नावाचे सैन्यातले अधिकारी कोर्टात भांडले तेव्हा कुठे १९६० मध्ये ते दार उघडलं. आपण रिअल्टरला फोन करतो, घर बघतो, ऑफर देतो, आणि आपला रंग बघून कुणी फोन ठेवला तर दाद मागू शकतो, ते या माणसांच्या जिवावर. हे ऋण आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ते कुणी शिकवलं नाही, पण म्हणून ते फिटलं असं होत नाही.

आणि आपल्यालाही ‘चालते व्हा’ ऐकावं लागलेलं आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ टोळीने बायकांच्या कपाळावरच्या टिकलीला लक्ष्य केलं, भारतीयांनी शहर सोडावं म्हणून वर्तमानपत्राला धमकीचं पत्र पाठवलं. त्याच सुमारास होबोकनमध्ये नवरोज मोदी यांना जमावाने इतकं मारलं की ते वाचले नाहीत. त्या पिढीतले काही जण अजून आपल्या मंडळात येतात. त्यांना विचारा, तेव्हा पोटात काय होत होतं.

मराठी माणसाला तर हे परक्याच्या इतिहासातून शिकायची गरजच नाही. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी पुण्यात बसून आपला ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि इथल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे ते कळवलं. आपण चौदा एप्रिलला त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांचे फोटो लावणाऱ्या दिवाणखान्यांतून ‘तसले लोक नकोत’ हे निघू नये. आणि २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ‘महाराष्ट्रीयन चालणार नाहीत’ म्हणून जागा नाकारली, तेव्हा आपले हेच ग्रुप दोन दिवस पेटलेले होते. तो संताप खरा होता, मलाही आला होता. नियम सगळ्यांना सारखाच लावायला हवा. मग आपल्याच जाहिरातींतलं ‘खोली देणे आहे, फक्त भारतीय, फक्त शाकाहारी’ हेही थांबवावं लागेल. न्यू जर्सीत भेदभावाविरुद्धचा कायदा १९४५ पासून आहे.

तर, सुनावणीला जरूर या. अडवायला येऊ नका, नीट करून घ्यायला या. मागायच्या गोष्टी भरपूर आहेत. बिल्डरला टॅक्सऐवजी ठरावीक रक्कम भरायची सवलत देतात, तिला पायलट म्हणतात. त्या रकमेतला जवळजवळ सगळा वाटा टाउनशिपला आणि थोडा काउंटीला जातो, शाळांना कायद्याने काहीच द्यावं लागत नाही. तेव्हा कौन्सिलला विचारा, शाळांचा वाटा तुम्ही लेखी ठरवणार का? वर्गांची चिंता खरी असेल तर हा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. घरं बसच्या मार्गावर आणि चालत दुकानापर्यंत जाता येईल अशी मागा. पाणी कुठे तुंबतं ते फोटो दाखवून सांगा, आपल्याकडे आयडाचे फोटो ढिगाने आहेत. परवडणारी घरं संकुलाच्या मागच्या कोपऱ्यात कचरापेट्यांशेजारी नकोत, इतरांत मिसळलेली हवीत, आणि तीन बेडरूमची पुरेशी हवीत, असं बजावून सांगा. अर्ज ऑनलाइन असतात, कागदपत्रं किचकट असतात. आपल्यातल्या गरजू माणसांना ते भरून द्यायला दर शनिवारी ग्रंथालयात दोन-तीन जणांनी बसावं. माझी तयारी आहे, आणखी हात हवेत.

सुनावणीच्या तारखा टाउनशिपच्या वेबसाइटवर असतात. बोलण्याआधी नाव आणि पत्ता सांगावा लागतो आणि बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. पुढच्या वेळी मी बोलणार आहे. माझ्याबरोबर आणखी दोन-चार मराठी आडनावं त्या इतिवृत्तात यावीत अशी माझी इच्छा आहे. ज्यांना पटलं नसेल त्यांनी ग्रुपवर वाद न घालता मला फोन करावा. मी भेटायला येईन.

आपली,
प्लेन्सबरोतली एक शेजारीण